डावा गाल

ताईचा भाऊ तोंडात खिळे धरून काम करतो. खुर्च्यांना आणि सोफ्यांना गाद्या बसवणारे जुने कारागीर असेच करत. आता बहुतेकांकडे हवेवर चालणारी पिना मारायची बंदूक असते. याच्याकडे वडिलांची हातोडी आहे, तिच्या एका टोकाला लोहचुंबक आहे. मूठभर बारीक खिळे तो तोंडात टाकतो, जिभेने एकेक वळवून डोक्याकडून ओठांवर आणतो, हातोडी ओठांना टेकवून तो उचलतो आणि लाकडात बसवतो. पहिला ठोका हलका, खिळा नुसता उभा राहण्यापुरता. कापड मनासारखं ताणलं गेलं की दुसरा ठोका, तो कायमचा. इतक्या वर्षांत त्याने एकही खिळा गिळलेला नाही. तरीही शाळेतली मुलं दुकानासमोर रेंगाळायची तेव्हा मी त्यांना हाकलून लावायचे. उगाच कुणी घरी जाऊन करून बघायला नको.

गल्लीत त्याला ठोक्या म्हणतात. माझ्या वर्गात तो तीन वर्षं होता आणि तेव्हाही बाकावर बोटांनी ताल धरून बसायचा. पण हे नाव माझं नाही, त्याच्या वडिलांनी ठेवलेलं. बहीण त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला तो ताई म्हणतो म्हणून सगळी गल्ली ताई म्हणते. ताईहून वयाने मोठी असलेली मीसुद्धा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला खिडकी, खिडकीखाली ताईचं कापायचं टेबल आणि शिवणयंत्र. मागच्या भिंतीशी ठोक्याचे दोन लाकडी घोडे, त्यांच्यावर आडवी टाकलेली खुर्ची. मधे काथ्याची पोती, स्प्रिंगांची टोपली, कापडाचे गठ्ठे. ताई मापं घेते, कापते, शिवते. तो बांधतो, भरतो, ठोकतो. ताईने लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती एवढंच सांगते, "माप जमलं नाही."

खिळ्यांचा ताईला एक मोठा फायदा. तोंडात खिळे असताना ठोक्याला बोलता येत नाही. घरातली जी काही अडचणीची बोलणी असतील ती ताई तेवढ्यात उरकते. एक "हं" म्हणजे हो, दोनदा "हं हं" म्हणजे नाही, आणि लाकडावर नुसतीच हातोडी आपटली तर पुरे झालं. मी एकदा म्हटलं, "अगं, त्याला निदान उत्तर तरी देऊ दे." ताई म्हणाली, "उत्तर देतो तेव्हा ऐकत नाही तो."

ठोक्या चौदाव्या वर्षापासून तंबाखू खायचा. पत्र्याची चपटी डबी, तिच्यातली चिमूट, चिमटीची जागा डाव्या गालात दाढेखाली. दिवसातून किती वेळा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बोलताना डाव्या बाजूने ओठ जरा मिटून बोलायची त्याला सवय होती. नवख्या माणसाला तो काहीतरी गुपित सांगतोय असं वाटे.

दोन वर्षांपूर्वी दातांच्या दवाखान्याचं काम आलं. बाहेरच्या खोलीतली सहा माणसांची लांब बैठक आणि चार खुर्च्या, सगळं उसवून नव्याने करायचं. बहीणभाऊ मापं घ्यायला गेले. टेपचं एक टोक ताईकडे, दुसरं ठोक्याकडे. बैठकीच्या कडेला बोटांनी दाबून दाबून पडलेले खळगे बघून ठोक्या डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "तुमच्याकडे माणसं बसत नाहीत वाटतं, धरून बसतात." आणि स्वतःच्याच विनोदावर तोंड उघडून हसला.

दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून हसू नये.

"जरा आत या," त्या म्हणाल्या. दिवा लावला, गाल ओढला. टेप हातात धरून ताई दारात उभी होती, तिलाही दिसलं. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा.

"दुखतं?"

"नाही बुवा."

"तंबाखू आजपासून बंद. कमी नाही, बंद. सहा आठवड्यांनी बैठक घेऊन याल तेव्हा पुन्हा बघते. बहुतेकदा असे डाग तंबाखू सुटली की जातात. नाही गेला तर तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

"तपासात काय निघेल?" हे ताईने विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही."

परतीच्या वाटेवर ठोक्या एकदाच बोलला. "नखाएवढा तर आहे." ताईने टेप गुंडाळून पिशवीत टाकली. त्याच्या तोंडात खिळे नव्हते, मग बोलून उपयोग काय?

ठोक्याची बायको बेकरीत कामाला जाते. पहाटे जाते, दुपारी दोनला सुटते. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षं तिचं एकच युद्ध चाललं होतं. दारातच तोंडाचा वास घ्यायचा, खिसे चाचपायचे, सापडलेली डबी कचऱ्यात भिरकावायची, स्वतःच्या डोक्यावर त्याचा हात ठेवून शपथ घ्यायला लावायची. शपथ घेताना ठोक्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं आणि दुसऱ्या दिवशी गोंदाच्या डब्यामागे नवी डबी असायची. डब्या लपवण्यात तो तरबेज झाला होता. दुकानात तर काय, अर्धवट भरलेली कुठलीही खुर्ची म्हणजे कपाटच.

ताईने तिला चट्ट्याचं सांगितलं तेव्हा ती आधी रडली आणि मग पदर खोचून उठली. "आजपासून मी बेकरीतून सुट्टी घेते. त्याच्या मानगुटीवरच बसते."

"बस खाली," ताई म्हणाली. "अकरा वर्षं तू त्याचे खिसे बघितलेस. मला दोन दिवस दे, मी त्याला बघते."

तो अजून खातच होता. "सोमवारपासून" असं त्याचं चाललं होतं. ताई टेबलाशी बसून नेहमीसारखी कापत होती, आणि ठोक्याने डबी काढली की कापडावर खुणा करायच्या खडूने टेबलाच्या कडेला एक रेघ. रेघेखाली तेव्हा तो काय करत होता त्याचं एक अक्षर. पहिल्या दिवशी बावीस रेघा, दुसऱ्या दिवशी वीस. संध्याकाळी तिने मला बोलावून त्या दाखवल्या. "बाई, बघा तुमच्या विद्यार्थ्याचं प्रगतिपुस्तक."

जेवल्यावर रेघ होती. स्प्रिंगा सुतळीने बांधताना रेघा होत्या. काथ्या पिंजताना तर ओळीने पाच. गिऱ्हाईक येऊन डोकं खाऊन गेलं की एक. पण ठोकण्याचं अक्षर दोन दिवसांत एकाही रेघेखाली नव्हतं.

"तंबाखूने तोंडाला पाणी सुटतं," ताई म्हणाली. "खिळे असले की थुंकता येत नाही. म्हणून तो आधी चूळ भरतो आणि मग खिळे घेतो. एकेकदा दोन-दोन तास. आणि त्या दोन तासांत त्याला डबीची आठवणसुद्धा येत नाही." मी समोरच राहते, वर्षानुवर्षं त्याला चूळ भरताना पाहिलेलं. माझ्या ते कधी ध्यानात आलं नव्हतं.

सोमवारी ठोक्याने तीन डब्या टेबलावर ठेवल्या.

"शेवटच्या?" ताईने विचारलं.

"शेवटच्या."

मग तिने कामाची सगळी मांडणीच बदलली. त्यांच्याकडे शिवण सोडली तर एक खुर्ची एकाच माणसाच्या हातून सुरुवातीपासून शेवटापर्यंत जायची, वडिलांपासूनची तशी रीत. ताई म्हणाली, "यापुढे तू फक्त ठोकायचं. पट्ट्या ठोक, गोणपाट ठोक, कापड ठोक. स्प्रिंगा मी बांधते."

"तुझी बोटं सोलून निघतील."

"माझी बोटं मी बघेन. तू तोंड बघ."

काथ्या पिंजायला बायको आली. बेकरी सुटली की थेट दुकानात, पोत्यावर बसून काथ्याचे गुंते सोडवायची. पहिल्या दिवशी सवयीने तिने दारातच नाक पुढे केलं. ताईने तिच्या हातात काथ्याचा मोठा गुंता दिला. "वास घ्यायचा तर याचा घे." त्या दिवसापासून खिसे बघणं बंद झालं. मला वाटतं, तिलाही ते नको झालं होतं. कुणी तिला दुसरं काही काम दिलं नव्हतं, एवढंच. घरच्या वेळेसाठी तिने बेकरीतले उरलेले पाव कापून भट्टीत कडक वाळवून आणले. तलफ आली की एक तुकडा चघळायचा. आठवड्याभरात ठोक्या म्हणाला, "तंबाखूने मेलो नाही तर पावाने मरेन."

"मर," ती म्हणाली, "पण पोट भरून."

तिसरा-चौथा दिवस वाईट गेला. त्याचे खिळे वाकडे जात होते. एक गिऱ्हाईक रंग पसंत नाही म्हणून कुरकुरलं, तर तोंडातले खिळे ओंजळीत काढून हा म्हणाला, "मग जमिनीवर बसा." ताईने त्या गृहस्थांना रस्त्यापर्यंत सोडून क्षमा मागितली आणि परत येऊन ठोक्याला म्हणाली, "पुढच्याला निदान सतरंजी तरी विचार." दोघंही हसले. हातोडीचा ठेका मी समोरच्या घरात बसून ऐकत होते. सकाळी धावता, दुपारी अडखळता, कधी मधेच थांबलेला. थांबला की मी उठून खिडकीशी जायचे.

पण एक चौथी डबी होती.

सोमवारी तीन डब्या देण्याआधी त्याने ती लांब बैठकीत ठेवली होती. डाव्या हाताकडच्या कोपऱ्यात, स्प्रिंगांच्या मधे, खुळखुळू नये म्हणून चिंधीत गुंडाळून. अगदीच जीव गेला तर असावी म्हणून. वर गोणपाट टाकलं होतं आणि तेवढ्या कोपऱ्यात खिळे अर्धेच ठोकून ठेवले होते, नखाने उचकटता यावेत असे.

आणि मग त्याचा घात त्याच्याच हातांनी केला. नव्या मांडणीत बैठक ताईकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून पुन्हा ताईकडे अशी फिरत राहिली. पाचव्या दिवशी ती समोर आली तेव्हा तोंडात खिळे होते, ठेका लागला होता, आणि अर्धवट उभा खिळा दिसला की दुसरा ठोका घालायचा हे त्या हातांना सत्तावीस वर्षं ठाऊक होतं. कोपरा पक्का होऊन गेला. त्यावर ताईने काथ्या बसवला, शिवलेलं कापड चढवलं, ते त्यानेच ओळीने ठोकलं. दोन दिवसांनी त्याला आठवलं तेव्हा डबी आणि तो यांच्यामधे शंभरेक खिळे होते.

हे त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? बरे दिवस जात होते. तिसऱ्या आठवड्यात ताई दोरा आणायला बाजारात गेली होती. भर दुपार होती, बायको अजून यायची होती. त्या सकाळी त्याने आरशात गाल ओढून बघितला होता. चट्टा होता तिथेच, तेवढाच. जायचाच नसेल तर कशाला हे सगळं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. ताई दोऱ्याची रिळं घेऊन परत आली तर हातोडीचा आवाज नव्हता. ठोक्या बैठकीच्या डाव्या कोपऱ्याशी गुडघ्यांवर बसला होता, हातात खिळे उपटायची पटाशी. पुढच्या कडेचं कापड वीतभर सुटलेलं. उपटलेले खिळे जमिनीवर, आणि तोंड रिकामं.

ताईला विचारावं लागलं नाही. ती त्याची बहीण होती आणि हे काम तिलाही येत होतं. कारण नसताना झालेली बैठक कुणी उसवत नाही.

"किती आत आहे?" तिने विचारलं.

"कापड, काथ्या, गोणपाट. त्याच्याखाली."

"अजून सत्तरएक खिळे तरी."

"हो."

ताईने रिळं टेबलावर ठेवली. मग खिळ्यांचं खोकं त्याच्यासमोर धरलं. "तोंडात घे."

"ताई, आत्ता नको."

"ठोकू नकोस. नुसते घे. मला बोलायचंय."

त्याने मूठभर खिळे तोंडात टाकले. ताई पोत्यावर बसली. ती काय बोलली ते तिने मला नंतर सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत.

"तू चौदा वर्षांचा होतास. दाढ सुजली होती. बाबा सोफा पोचवायला गेले होते आणि तू इथे, याच कोपऱ्यात लोळत होतास. मी बाबांच्या डबीतली चिमूट काढून तुझ्या दाढेखाली ठेवली. तू गप्प झालास. दुसऱ्या दिवशी मागितलीस, मी दिली. तिसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती. मला दिसत होतं, सूज उतरली होती. तरी तू मागितलीस आणि तरी मी दिली. शांत बसतोस, मला शिवता येतं, म्हणून. डॉक्टरीणबाईंनी गाल ओढला तेव्हा मला माझी बोटं दिसली तिथे. तपासात काय निघेल ते मला ऐकवणार नाही रे, ठोक्या. तुला हवी तर काढ. मी अडवणार नाही. पण हे तुला माहीत असू दे."

ठोक्याने हातोडी आपटली नाही. "हं"ही म्हणाला नाही. एकेक खिळा ओठांवर आणून त्याने तळहातावर काढला. वेळ लागला. सगळे काढून झाल्यावर म्हणाला, "तिसऱ्या दिवशी दुखत नव्हती हे मलाही माहीत होतं."

"लहान होतास तू."

"मागण्याइतका मोठा होतो." तो जरासा हसला. "तुझ्या तीन चिमट्या, ताई. पुढच्या सत्तावीस वर्षांतल्या माझ्या. खडू हातात असतो ना तुझ्या? मग नीट मोज."

ताईने डोळे पुसले. "बाहेर जाऊन ये. मी काढून टाकते ती."

"नको. तू काढलीस तर ती कुठेतरी असेलच. कचऱ्यात, गटारात. मी शोधत बसेन. इथे असली तर मला ठाऊक आहे कुठे आहे ते. आणि सत्तर खिळे उपटायला अर्धा तास लागतो. तलफ तेवढी टिकत नाही." तो कापडाची सुटलेली कड बघत राहिला. "आता बघ ना. गेली."

तळहातावरचे खिळे त्याने पुन्हा तोंडात टाकले, कापड ताणलं आणि ठोकायला लागला. पहिला ठोका, दुसरा ठोका. ताई, जिने कधी वाकडी शिवण दुकानाबाहेर जाऊ दिली नाही, ती डबीसकट बंद होणारी बैठक बघत बसली.

तेवढ्यात बायको वाळल्या पावाची पिशवी घेऊन दारात आली. जमिनीवरचे वाकडे खिळे, ताईचे डोळे, नवऱ्याची पाठ, सगळं तिने एका नजरेत घेतलं.

"हे काय?"

"कोपरा नीट बसला नव्हता," ताई म्हणाली.

बायको आत आली. तिची नजर त्याच्या खिशांकडे गेली, हे ताईला दिसलं. मग ती पोत्यावर बसली आणि काथ्या ओढून घेतला. "मला काही विचारायचं नाही. आता नीट बसवा म्हणजे झालं."

सहा आठवडे पुरे झाले त्या सकाळी भाड्याच्या गाडीतून बैठक आणि खुर्च्या दवाखान्यात गेल्या. गाडीत मागे ठोक्या बैठक धरून बसला होता. बायकोने अर्धा दिवस सुट्टी काढली होती. ताईने डॉक्टरीणबाईंना आधीच बाजूला घेऊन सांगितलं, काम झाकून ठेवायची तिला सवय नाही. "या डाव्या कोपऱ्यात आत एक डबी राहिलीये. त्याची. तुम्ही म्हणाल तर मी पुढच्या आठवड्यात येऊन काढून देईन."

त्यांनी बैठक दाबून बघितली. "कुणाला टोचणार नाही ना?"

"छे. वर चार बोटं काथ्या आहे."

"मग राहू दे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या खिशात असते, एक खाली असली तर काय बिघडतं?" आणि त्या ठोक्याकडे वळल्या. "चला आत."

दार लागलं. नव्या बैठकीवर पहिल्यांदा बसल्या त्या या दोघीच. बायकोने मांडीवर पावाची पिशवी धरली होती, ती घट्ट मुठीत चुरगळत होती. ताई डाव्या कोपऱ्यात बसली होती आणि तिची बोटं बैठकीच्या कडेवर दाबली जात होती, जिथे आधीच्या कापडावर ते खळगे होते. ते कसे पडतात हे तिला आता कळलं, असं ती मला म्हणाली. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा नळ वाहिल्याचा आवाज आला, एकदा खुर्ची सरकल्याचा.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाई पुढे होत्या. "भिंग लावून शोधावा लागला," त्या म्हणाल्या. "पुसट रेघ उरलीये, तीही जाईल. तुकडा काढायची गरज नाही. पण दर तीन महिन्यांनी मला गाल दाखवायचा, आणि पुन्हा सुरू केलीत तर मी यांना बोलावून सांगेन." 'यांना' म्हणताना त्यांनी दोघींकडे बोट केलं.

बायको उठली आणि काही न सुचून तिने डॉक्टरीणबाईंच्या हातात पावाची अख्खी पिशवी ठेवली. ताई उठली नाही. ठोक्या तिच्याशेजारी येऊन बसला, जरा सरकला, पुन्हा सरकला, आणि तिला म्हणाला, "ऊठ बघू. मला बसू दे तिथे."

ताई बाजूला झाली. तो डाव्या कोपऱ्यात बसला, एकदा खाली दाबून बघितलं. आता दोन्ही बाजूंनी ओठ उघडून बोलत होता.

"या बाजूला जरा कडक झालंय, नाही?"

"झालंय," ताई म्हणाली. "पण उसवायचं नाही."

"हं," ठोक्या म्हणाला. तोंडात एकही खिळा नव्हता तरी.